मंदाग्नि

वैद्यशास्त्रानें अग्नीचे चार प्रकार सांगितले आहेत: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. त्यांपैकीं समाग्नि हा निरोगी माणसाचा. बाकीचे तिन्ही वैद्याच्या घरीं खेटे घालावयास लावणारे. मंदाग्नि तर सर्व रोगांचें मूळ, असें आमचे वडील आम्हांला लहानपणीं एरंडेल पाजतांना बजावीत असत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं आम्हांला परसांत एका पत्र्याच्या पिंपापुढें बसून रात्र जागवावी लागेल, आणि 'देवा, हा अग्नि मंदच राहूं दे' अशी करुणा भाकावी लागेल, असें त्या वेळीं कोणी सांगितलें असतें, तर एरंडेलाची वाटी आम्हीं अधिक निर्धारानें परतविली असती.

हा प्रसंग आमच्यावर ओढवला तो आमच्या एका पुतण्यामुळें. तो अमेरिकेंत टेक्सस संस्थानांत नोकरीस असतो. दिवाळीस घरीं आला तेव्हां त्याच्या सामानांतून एक चकचकीत पाकीट निघालें, आणि त्या पाकिटांतून जुन्या वहाणेच्या अंगठ्यासारख्या दिसणाऱ्या काळसर तांबड्या पट्ट्या. "काका, ही जर्की. मांस वाळवून करतात," असें म्हणून त्यानें एक पट्टी आमच्या हातावर ठेविली. आम्हीं ती तोंडांत टाकली. पहिलीं पांच मिनिटें आम्ही तिला चावीत होतों कीं ती आम्हांला, याचा निर्णय होईना. पण हळूहळू ती मऊ पडली, आणि मीठ, मिरीं, धूर व मांस यांची एक दाट, जुनी, ओळखीची वाटणारी चव जिभेवर उतरली. ओळखीची कां वाटावी, हें मात्र त्या वेळीं कांहीं केल्या उमजेना. पुढें पुतण्यानें पाकिटाची किंमत रुपयांत सांगितली, तेव्हां आमचा चघळण्याचा वेग आपोआपच कमी झाला.

भाषेचा मास्तर म्हटला कीं त्याला घांस गिळण्यापूर्वीं शब्द चघळण्याची खोड असते. 'जर्की' हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांत राहणारे लोक आपल्या क्वेचुआ भाषेंत वाळविलेल्या मांसास 'चार्की' म्हणत. स्पॅनिश लोकांनीं तो शब्द उचलला आणि इंग्रजी जिभेनें त्याचें 'जर्की' केलें. लामा नांवाच्या प्राण्याचें मांस हे लोक डोंगरावरच्या कडक उन्हांत व रात्रींच्या गोठविणाऱ्या थंडींत ठेवून सुकवीत. दक्षिण आफ्रिकेंत याच जातीच्या पदार्थास 'बिल्टाँग' म्हणतात. त्यांत व्हिनेगर व धने असतात. तुर्कस्तानांत 'पास्तिर्मा' आहे, आणि शेजारच्या नेपाळांत 'सुकुटी' आहे. आपल्या कोंकणानें मासळीच्या बाबतींत तेंच केलें. बोंबील, सोडे, सुकट यांवर किती पावसाळे निभावले असतील याची गणती नाहीं. पृथ्वीच्या पाठीवर जेथें जेथें एका दिवशीं पुष्कळ मिळतें आणि पुढें पुष्कळ दिवस कांहींच मिळत नाहीं, तेथें तेथें माणसानें हा एकच शोध पुनःपुनः लाविला आहे: पाणी काढून घ्या, म्हणजे कुजणें थांबतें.

आणि पाणी काढून घेण्याच्या कलेंत आमच्या जतचा हात धरणारा मुलूख विरळा. सांगली जिल्ह्याच्या अगदीं पूर्वेस, कर्नाटकाच्या सीमेला टेकून बसलेला हा तालुका. डफळे घराण्याचें हें जुनें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. परंतु पर्जन्यराजानें आम्हांला आपल्या राज्यांत अद्यापि पुरतें विलीन करून घेतलेलें नाहीं. सह्याद्रीवर रिते होऊन आलेले ढग आमच्या डोक्यावरून, घाईंत असलेल्या पाहुण्यासारखे, उंबऱ्यावरूनच 'येतों' म्हणून निघून जातात. म्हैसाळच्या योजनेनें कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उपसून वर आणावें, तेव्हां कोठें तालुक्याच्या कांहीं भागाचे ओंठ ओले होतात. वारा मात्र भरपूर. माळावर त्याच्या जोरावर पवनचक्क्या फिरतात. ज्या मुलखाला पाणी मिळत नाहीं, त्याला वाळवण शिकवावें लागत नाहीं. द्राक्षें शेडमधील जाळ्यांवर पसरावीं आणि पंधरवड्यांत त्यांचे बेदाणे गोळा करावे, हा तर आतां या भागाचा धंदाच होऊन बसला आहे. तालुक्यांतील माडग्याळ या गांवचीं मेंढरें, उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस डागांचीं, पोपटासारख्या बांकदार नाकाचीं, दूरवर नांवाजलेलीं आहेत. ऊन आहे, वारा आहे, शेळ्यामेंढ्या आहेत, बाभळीचा कोळसा आहे. मग जर्की टेक्ससहून कां यावी, असा स्वदेशी विचार आमच्या मनांत आला. अविचाराचा जन्म बहुधा अशाच देशाभिमानाच्या पोटीं होतो.

उन्हांतच कां वाळविलें नाहीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं पुतण्यानें जातांना एक पुस्तक व एक उष्णतामापक यंत्र आमच्या हवालीं केलें होतें, आणि हातीं यंत्र आल्यावर सूर्यावर विसंबून राहणें सुशिक्षित माणसास जड जातें. पत्र्याचें काम करणाऱ्या एका कारागिराकडून आम्हीं दोनशें लिटरचें एक रिकामें खाद्यतेलाचें पिंप कापून-सांधून घेतलें. बुडाशीं तीन भोकें व त्यांवर सरकतीं झांकणें; वीतभर वर कोळशासाठीं जाळी; तिच्यावर, धग थेट मांसाला लागूं नये म्हणून, वाळूनें भरलेलें घमेलें; त्याच्यावर पट्ट्या टांगावयास सळया; आणि सर्वांवर धुराडें असलेलें झांकण. घरच्या मंडळींनीं या यंत्राकडे पाहून "अंघोळीला पाणी तरी तापेल का त्यांत?" एवढाच प्रश्न केला. त्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी आल्यावर त्यांचें यंत्रासंबंधीचें कुतूहल संपलें.

या विद्येचे नियम वाचतांना सोपे आहेत. मांस चरबीविरहित पाहिजे. कारण पाणी जातें तशी चरबी जात नाहीं, ती मागें राहून खवट होते. म्हणून बोकडाच्या मागल्या मांडीचें निर्भेळ मांस घ्यावें व त्याच्या बोटभर रुंद, पातळ पट्ट्या कापाव्या. धाग्याच्या दिशेनें कापल्या तर चिवट होतात, आडव्या कापल्या तर लवकर तुटतात. ज्याचे जसे दांत तशी त्यानें दिशा धरावी. मीठ, हळद, तिखट, लसूण लावून त्या रात्रभर मुरूं द्याव्या. नंतरची पायरी मात्र चुकवूं नये. अमेरिकेच्या कृषिखात्याचा सल्ला असा आहे कीं मांस अगोदर वाफवून किंवा भाजून आंतपर्यंत ७१ अंश तापवावें आणि मगच तें ५५ ते ६० अंशांवर वाळवावें. कारण मांसांतील पाणी उडून जातांना तें मांसाला थंड ठेवतें, तोंवर त्यांतील जंतु आरामांत असतात. आणि एकदां कोरडे झाले म्हणजे ते उष्णतेला सहजासहजीं दाद देत नाहींत. संकट ओलें असतांनाच निस्तरावें, वाळल्यावर तें चिवट होतें, हा बोध आम्हांला जंतुशास्त्रापेक्षां संसारांत अधिक वेळां उपयोगी पडला आहे.

तेव्हां सारा प्रश्न साठ अंशांचा. पाणी शंभर अंशांवर उकळतें; भाकरीचा तवा त्याच्या दुपटीनें तापतो. साठ अंश म्हणजे हात न पोळतां क्षणभर धरतां येईल अशी ऊब. आणि ती आठ-दहा तास एकसारखी राहिली पाहिजे. पेटविणें कोणालाहि येतें, विझविणेंहि येतें. पेटलेलें ठेवून पेटूं न देणें ही विद्या निराळी आहे, हें आम्हांला दोन पराभवांनंतर कळलें.

पहिल्या खेपेस आम्हीं कोळसा भरला, तो सगळा एकदम पेटविला आणि जुन्या संवयीनें फुंकणीनें चांगला फुलविला. अर्ध्या तासांत यंत्राचा कांटा दीडशें अंशांच्या पलीकडे गेला. पट्ट्या दोन तासांतच काळ्या, खडखडीत व दिसावयास अगदीं उत्तम वाळलेल्या झाल्या. आम्हीं विजयानें त्या डब्यांत भरल्या. चौथ्या दिवशीं डबा उघडला तों आंत बुरशी! कापून पाहिलें तेव्हां उलगडा झाला. बाहेरची कातडी घाईनें कठीण झाली कीं आंतल्या पाण्याची वाट बंद होते. तें आंतल्या आंत कोंडून राहतें आणि आपलें काम करतें. तीस वर्षांच्या शिक्षकीपेशांत हा चमत्कार आम्हीं वर्गांत अनेकदां पाहिला होता, फक्त ओळखला नव्हता. रागाच्या भरांत शिकविलेल्या मुलाचा चेहरा शिकल्यासारखा कठीण होतो. शंका आंत ओलीच राहते.

दुसऱ्या खेपेस आम्ही उलट टोकाला गेलों. तिन्ही भोकें जवळजवळ बंद केलीं आणि वाळूऐवजीं घमेल्यांत पाणी ओतलें. कांटा खालीं आला खरा. पण पिंपांतून पांढरा, दाट, डोळे झोंबविणारा धूर निघूं लागला. शेजारच्या गृहस्थांनीं कुंपणावरून डोकावून "सर, कांहीं जळतंय का?" असें अत्यंत सभ्यपणें विचारलें. जळत कांहींच नव्हतें, हेंच तर दुःख होतें! कोंदटलेल्या विस्तवाचा तो धूर. त्यानें पट्ट्यांवर काजळी धरली आणि चव कडूजहर झाली. पाण्याच्या वाफेनें त्या वाळण्याऐवजीं दमट झाल्या, आणि मध्यरात्रीं विस्तव विझला.

शेवटीं आम्ही पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या एका सहकाऱ्यास शरण गेलों. त्यांनीं आधीं हिशेब केला. दोन किलो मांसांतून सव्वा किलो पाणी काढावयाचें. त्याची वाफ करण्यास सुमारें सातशें किलोकॅलरी उष्णता लागेल. एक किलो चांगल्या कोळशांत सात हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे शंभर ग्रॅम कोळसा पुरे! "आणि आपण किती जाळलात?" त्यांनीं चष्म्यावरून पाहत विचारलें. आम्हीं चार किलो जाळला होता. बाकीच्या तीन किलो नऊशें ग्रॅमांनीं आम्हीं जतचें आकाश तापविलें होतें, ज्याला त्याची मुळींच गरज नव्हती. मग ते म्हणाले कीं कोळसा हें विस्तवाचें अन्न असलें तरी लगाम अन्नाचा नसतो, श्वासाचा असतो. एका वेळीं थोडेच निखारे जिवंत असावे, पण जे असतील त्यांना मोकळा वारा मिळावा. पुष्कळ निखाऱ्यांचा गळा आवळून मंद आंच मिळत नाहीं. उत्तम धूर निळसर, विरळ, जेमतेम दिसेल इतकाच असतो. आणि हें यंत्र, थंडी पडली म्हणून, बंद खोलींत नेण्याचा विचारहि करूं नका. कोळशाचा विषारी वायु वासानें कळत नाहीं आणि झोपलेल्या माणसाला उठवीत नाहीं.

त्याप्रमाणें तिसऱ्या खेपेस आम्हीं न पेटलेल्या कोळशाची, दोन-दोन तुकड्यांच्या रुंदीची, पिंपाच्या कडेनें चंद्रकोरीसारखी एक ओळ लावली, आणि तिच्या एका टोकाला फक्त तीन-चार फुललेले निखारे ठेविले. घमेल्यांत पुन्हां वाळू घातली. माघांतली रात्र होती. निखारे आपल्या शेजाऱ्याला हलकेच पेटवीत आणि स्वतः राख होत, याप्रमाणें विस्तव उदबत्तीसारखा पुढें सरकूं लागला. कांटा अठ्ठावन्नावर आला आणि तेथें बसला. रात्रीं दोन वाजतां माळावरचा वारा सुटला, आणि कांटा सत्तरीकडे धांवला. आम्हीं वाऱ्याच्या बाजूला पत्रे उभे केले व एक भोंक मिटलें. पुन्हां साठ. त्यानंतर करण्यासारखें कांहींच उरलें नाहीं. विस्तवापुढें नुसतें बसून राहणें, तो वाढूं न देणें आणि मरूं न देणें, यांत एक प्रकारची शांतता असते. पहाटे एक पट्टी काढून वांकविली. ती वांकली, तिला बारीक भेग पडली, पण ती मोडली नाहीं. हीच पुरी वाळल्याची खूण. दोन किलोंचें पाऊण किलो झालें होतें.

त्या रविवारीं आमचे एक स्नेही घरीं आले. ते आणि आम्ही मराठी शाळेंत एका वर्गांत होतों. ते टपालखात्यांत नोकरीस लागले, आम्ही कॉलेजांत. पण भेटलों म्हणजे अजून 'अरे-तुरे'ची भाषा सुटत नाहीं. आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यांना पिंप दाखविलें, अँडीज पर्वत सांगितला, बिल्टाँग सांगितलें, शंभर ग्रॅमांचा हिशेब सांगितला, आणि बशींतून एक पट्टी पुढें केली. त्यांनीं ती नाकाशीं नेली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेविली.

"चान्या," ते म्हणाले.

तो शब्द ऐकतांच, दिवाळींत पहिल्या घांसाला जी चव ओळखीची वाटली होती ती कोठली, हें आम्हांला एकदम कळलें. आणि तें कळण्यापूर्वीं पिंप मोडून टाकलें असतें तर बरें झालें असतें, असेंहि वाटलें.

आम्ही तिसरी-चौथींत असूं. मधल्या सुटींत हा मुलगा खिशांतून एक काळसर पट्टी काढून चघळत असे. एके दिवशीं त्यानें तिचा तुकडा तोडून आमच्यापुढें धरला. आम्हीं तो तोंडांत टाकला, आणि तो आवडला. तेवढ्यांत दुसऱ्या मुलांनीं पाहिलें. कोणी तरी नाक धरलें, कोणी तरी जातीचें नांव घेतलें. त्यावर आम्हीं काय केलें? तोंडांतला तुकडा थुंकलों. आणि सर्वांत मोठ्यानें नाक आम्हींच धरलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं जागाहि बदलून घेतली. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं आमचें घर शाकाहारी नव्हतें. जत्रेला आमच्याकडे मटण शिजे, आणि बाजारांतून आणलेल्या सुक्या बोंबलांचा वास पावसाळाभर आमच्या घरांत घमघमत असे. तेव्हां जें आम्हीं थुंकलों तें मांस नव्हतें, आणि ज्याला आम्हीं नाक मुरडलें तो वासहि नव्हता.

आम्हीं हें सारें चांचरत बोलून दाखविलें. स्नेही म्हणाले, "आठवतं ना तुला? मला वाटलं, विसरला असशील. बाकीच्या चान्या मी त्या दिवशीं शाळेमागच्या विहिरींत टाकल्या. आजीनं विचारलं, खाल्ल्यास का. मी म्हटलं, खाल्ल्या. परत कधीं नेल्या नाहींत. ती दर वेळीं विचारायची, आणि दर वेळीं मी म्हणायचो, भूक नाहीं."

मग त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांला कोणत्याहि पुस्तकांत मिळालें नसतें. १९२७ सालच्या मार्चांत महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मेलेल्या जनावराचें मांस सोडण्याचें आवाहन केलें, तेव्हां ही आजी दहा-बारा वर्षांची होती. तो शब्द त्यांच्या वस्तींत पोहोंचावयास कांहीं वर्षें लागलीं. पण पोहोंचला त्या दिवशीं वस्तीनें शपथ घेतली, आणि आजीनें ती मरेपर्यंत मोडली नाहीं, दुष्काळांतहि मोडली नाहीं. पुढें वर्षांतून एकदां चार घरें मिळून पैसे साठवीत व खाटकाकडून रीतसर बोकड घेत. त्यांतलें निम्में मांस आजी वाळवी. दोरीवर उन्हांत, आणि आभाळ आलें तर चुलीवर टांगून. म्हणजे जें सोडावयाचें तें तिनें सोडलें होतें, आणि जें राखावयाचें तें राखलें होतें. मांस कोठून आलें हा मानाचा प्रश्न होता. तें कसें वाळवावें ही विद्या होती. एका निरक्षर बाईला जो भेद स्वच्छ दिसला, तो तिसरी-चौथीच्या हुशार मुलांना दिसला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर इंग्रजी शिकून पदवी घेतल्यावरहि, परवांच्या रविवारपर्यंत, आम्हांला दिसला नव्हता.

"आणि तुझा हा मंदाग्नि," पिंपाकडे पाहून ते थोडे हंसले, "तुम्हां लोकांच्या घरीं चूल विझली तर शेजारणीकडे विस्तव मागायला जायची चाल होती ना? आम्हांला गांवांत कोण विस्तव देणार? वस्तींत पांच घरं. त्यांतल्या कुणाकडे पेटलेली चूल असेलच असं नाहीं. काडेपेटीला पैसे पडायचे. म्हणून आजी विस्तव विझूंच द्यायची नाहीं. रात्रीं निखारा राखेंत पुरायची, पहाटे उकरायची. राख किती घालायची, कुठून वारा ठेवायचा, हें तिच्या हाताला ठाऊक होतं. त्याच आंचेवर चान्या व्हायच्या. तुझ्या घड्याळाएवढा तो कांटा तिला लागला नाहीं."

आम्ही गप्प राहिलों. आम्हांला रात्रभर जागून जी विद्या हस्तगत झाली असें वाटत होतें, ती आमच्या शाळेपासून हांकेच्या अंतरावर एका घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. आणि ती तेथें नांदत होती याचें कारण आमच्या घरांतला विस्तव तिला वर्ज्य होता, हें होतें. सहकाऱ्यानें सांगितलेलें शास्त्र, थोडे निखारे जिवंत ठेवावे, त्यांना श्वास द्यावा, पण पेटूं देऊं नये, हें त्या बाईनें चंद्रकोर व हिशेब यांवांचून साधलें होतें. वाळविलेल्या मांसावर पृथ्वीप्रदक्षिणा करीत आम्ही पेरू देशापर्यंत जाऊन आलों. वाटेंत नेपाळ लागला, तुर्कस्तान लागला, फक्त जत लागलें नाहीं. शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक लिहून मराठवाड्यांतील महार व मांग घरांतल्या स्वयंपाकाची नोंद केली. तें आमच्या कपाटांत आहे. त्यावर आम्ही वर्गांत बोललों आहों. पण पुस्तकांत वाचलेली गोष्ट आपल्याच तोंडांतून थुंकलेली गोष्ट आहे, हें ओळखावयास बुद्धि पुरत नाहीं. तेथें जीभच लागते.

'चार्की' आणि 'चान्या' यांच्यांत कांहीं संबंध असेल काय, असा प्रश्न भाषेच्या मास्तराच्या मनांत त्याहि प्रसंगीं आलाच, हें कबूल केलें पाहिजे. संबंध नाहीं. दोन भाषांमध्यें सात समुद्र आहेत. उच्चारांचें साम्य हा योगायोग. पण दोन डोंगरी मुलखांतल्या, दोन भुकेल्या आयांनीं एकच गोष्ट केली असावी, याला मात्र योगायोग म्हणवत नाहीं.

क्षमा मागावी असें मनांत होतें. शब्द मात्र जुळेनात. पंचेचाळीस वर्षें आंत कोंडून राहिलेलें पाणी एका वाक्यानें बाहेर काढूं पाहणें म्हणजे पुन्हां पहिल्या खेपेचा कोळसा पेटविणें होय. वरून सर्व कोरडें दिसेल, एवढेंच. तरी जें सुचलें तें आम्हीं बोललों. स्नेह्यांनीं तें ऐकून घेतलें. "बरं" म्हणाले नाहींत, "असूं दे" असेंहि म्हणाले नाहींत. हातांतली पट्टी त्यांनीं तोंडांत टाकली, सावकाश चघळली, आणि जातांना म्हणाले, "चार घाल पुडींत. आईला दाखवतों. आजीच्या हाताखालीं तीच होती."

त्यांच्या मातोश्री आज ऐंशीच्या पुढें आहेत. पुडी गेल्यावर आम्ही आठवडाभर, परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलासारखे, अस्वस्थ होतों. त्यांनीं ती फेंकून दिली असती तर तो त्यांचा अधिकार होता. ज्या पदार्थाबरोबर इतकें कांहीं चघळावें लागलें, तो पुन्हां पाहूं नये असें वाटणेंहि स्वाभाविकच. पुढच्या रविवारीं स्नेही आले तेव्हां आम्ही कांहींच विचारलें नाहीं. चहा झाल्यावर ते आपण होऊन म्हणाले:

"आईनं एक खाल्ली. दांत नाहींत, तरी दुपारभर गालांत धरून बसली होती. म्हणाली, मीठ फार झालंय. आणि मास्तरला सांग, कोळसा कशाला जाळतोस? शेणी लाव. शेणीची आंच राखेखालीं निजून राहते, तिला राखण लागत नाहीं."

आम्हीं लगेच मीठ कमी केल्याची नोंद वहींत केली. शेणींची चौकशी चालू आहे. घरोघरीं गॅस आल्यापासून गांवांत त्या सहजीं मिळेनाशा झाल्या आहेत. पण माळावरच्या एका वस्तीवर अजून थापतात असें कळलें आहे. येत्या रविवारीं आम्ही दोघे जाऊन आणणार आहों. आणि या खेपेस पिंपाजवळ बसून आंच कशी निजवितात तें दाखवावयास मातोश्रींनीं यावें, असा निरोप त्यांच्यामार्फत धाडला आहे. त्याचें उत्तर अद्यापि आलेलें नाहीं.